जखम भरली कशी?

४ मार्च

चि. बारक्यास, अनेक आशीर्वाद.

सुतारकाम करताना बाबांच्या तळहातावर झालेली पटाशीची जखम भरत नाही म्हणून तू डॉक्टरांना शिव्या घालतोस? अरे, आधी समजून तरी घे! मी प्रयोगशाळेत रोज हेच बघते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातल्या पेशींना ‘वाढा’ असा निरोप येतो. बाबांना मूत्रपिंडातल्या गाठीसाठी जी गोळी दिलीय, ती हा निरोप दारातच अडवते. नव्या वाहिन्या फुटत नाहीत, गाठीची उपासमार होते. पण जखमेलाही नव्या वाहिन्याच लागतात ना! डॉक्टरांना हात दाखव, ते सांगतील तेच करा. स्वतःची अक्कल पाजळाल तर याद राखा.

रागावले तरी तुमचीच,
ताई

२ एप्रिल

ती. ताईस, शि. सा. न.

बाबांना हल्ली चष्म्यानेही वाचवत नाही, म्हणून तुझं पत्र मीच वाचून दाखवलं. रागाचा भाग गाळून, नेहमीसारखा! आता ऐक, जखम भरली. पंधरा दिवसांत खपली पडली, डॉक्टरांची गरजच लागली नाही. बाबा पुन्हा रंधा मारतात, तुझ्या पुस्तकांचं कपाट पुरं करतायत. तू मात्र दोन वर्षांत फिरकली नाहीस.

लोभ आहेच, एकदा तोंडही दाखव.
बारक्या

९ एप्रिल

बारक्या,

आशीर्वाद नंतर. गाढवा, जखम भरली कशी? गोळी पोटात जात असती तर इतकी भराभर भरलीच नसती. जखमेला निरोप पोचतोय, म्हणजे गाठीलाही पोचतोय! बाबा गोळ्या घेत नाहीयेत. आजच्या आज घर पालथं घाल आणि त्यांना डॉक्टरांकडे ने.

ताई

२१ एप्रिल

चि. पोरीस, आशीर्वाद.

हे मीच लिहितोय, म्हणून अक्षर मोठं. गोळ्या खिळ्यांच्या डब्यात सापडल्या. गोळीमुळे जखम भरत नाही, एवढंच तुझ्या पत्रातून माझ्या कानी आलं. सुताराचा हात बंद म्हणजे सुतार बंद, म्हणून ठरवलं, आधी जखम, तोवर गोळ्या बंद. मग पुन्हा चिघळेल या भीतीने सुरूच केल्या नाहीत. गाठ वाढलीय. डॉक्टर खेकसले, विचारलं असतं तर थोडे दिवस गोळी त्यांनीच थांबवली असती आणि वेळेवर सुरूही केली असती. कालपासून पुन्हा घेतोय.

मी बारक्यावर भडकलो. डॉक्टरांना विचारा, हे तू लिहिलं होतंस म्हणे. रागात लिहिलंस, म्हणून त्याने ते गाळलं.

या खेपेला पत्र नको. तू स्वतः ये, आणि माझ्यासमोर बसून सगळं रागाव.

तुझा,
बाबा