पुस्तिकेतलं सव्विसावं पान

प्रिय मास्तरीणबाई,

आपल्या दोघींच्या टेबलांमध्ये जेमतेम चार पावलांचं अंतर, आणि मी तुला पोस्टाने पत्र पाठवतेय. हसायचं तर हस, पण हसून झाल्यावर शेवटपर्यंत वाच. आज शनिवार, अर्धा दिवस. नोंदणीच्या खिडक्या बंद झाल्यात, सगळे घरी गेलेत आणि मी ऑफिसात पंख्याखाली बसून हे लिहितेय. तोंडाने सांगायचं म्हणून या आठवड्यात रोज एकदा तरी तुझ्या टेबलाशी येऊन गेले. एकदा स्टेपलर मागितला, एकदा आज तारीख काय ते विचारलं. समोर भिंतीवर हे एवढं कॅलेंडर आहे. तू तारीख सांगितलीस आणि परत फायलीत मान घातलीस.

बुधवारी तुझा बदलीचा अर्ज माझ्याकडे आला. नदीपलीकडच्या इस्पितळात जागा आहे, तिथे पाठवा, कारण वैयक्तिक. खालच्या रकान्यात, खोलीतली वरिष्ठ म्हणून, माझी शिफारस हवी आहे. अकरा वर्षं ज्या खोलीत काढली, तिथे साडेचार महिन्यांनी परत आलेल्या बाईला तिसऱ्याच दिवशी निघून का जावंसं वाटतं, हे मोठ्या डॉक्टरीणबाईंना कळेना. मला म्हणाल्या, 'तुमची मैत्रीण आहे, तुम्हालाच ठाऊक.' ठाऊक आहेच मला. तुझा नवरा गेला आणि आपल्या इस्पितळातलं एक माणूस तुझ्या दारात आलं नाही. का आलं नाही, ते मात्र तुला ठाऊक नाही. तेच सांगायचं आहे. पण एकदम मुद्द्यावर यायची छाती होत नाही, म्हणून जरा मागून येते.

ती पुस्तिका आठव. चार नंबर वॉर्डातल्या आजोबांनी बेसिनमध्ये पाय धुतले, फरशीभर पाणी झालं आणि आयाबाईंनी त्यांना सगळ्यांदेखत झापलं. आजोबा वुजू करत होते, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुऊन घेत होते, हे आपल्या लोकांच्या डोक्यात शिरेपर्यंत त्यांचा मुलगा त्यांना दुसरीकडे हलवायला निघाला होता. मग मोठ्या डॉक्टरीणबाईंनी फर्मान काढलं, की एप्रनच्या खिशात मावेल अशी पुस्तिका करा, मुसलमान रुग्णांच्या तोंडी येणारे शब्द आणि नावं, सोप्या भाषेत. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण 'लिफ्ट बंद आहे' ही पाटी मी शुद्ध लिहिते. शब्द सगळे तुझे. जेवणाच्या सुट्टीत तू सांगायचीस, मी लिहायचे, आणि दुसऱ्या दिवशी लाल पेन घेऊन तू माझा निकाल लावायचीस. तेव्हापासून तू मास्तरीणबाई झालीस.

काय एकेक अकलेचे तारे तोडले होते मी. इमाम म्हणजे मुसलमानांचा पुजारी, असं ठोकून दिलं होतं. तू ते खोडलंस आणि लिहिलंस, सगळ्यांच्या पुढे उभा राहून नमाज पढवणारा. हाफिज म्हणजे ज्याला अख्खं कुराण तोंडपाठ आहे तो, हे सांगताना तू दिराचं उदाहरण दिलंस: कुराणातला एक शब्द चुकणार नाही, पण बायकोने सांगितलेल्या चार वस्तूंपैकी तीनच घेऊन घरी येणार. किब्ला म्हणजे मक्केतल्या काबाची दिशा, तिकडे तोंड करून नमाज पढतात. त्यासाठी वॉर्डाच्या भिंतीवर बाण लावायला सांगितला, तर इलेक्ट्रिशियनने तो कॅन्टीनच्या दिशेने लावला. तू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलीस. म्हणालीस, 'निम्मे लोक तसेही तिकडेच बघत असतात.' मग नावं आली. बिलाल, एकेकाळी गुलाम असलेले, पहिली अजान देणारे. हाजरा, तान्ह्या मुलासाठी पाणी शोधत दोन टेकड्यांमध्ये सात वेळा धावलेली आई. मरियम, म्हणजे येशूची आई मेरी. तिच्या नावाचा कुराणात एक अख्खा अध्याय आहे, हे मला पन्नाशीत कळलं. जिहाद हा शब्द मी भीतीने गाळला होता. तू तो परत घालायला लावलास. 'गाळलास तर लोक आपल्या मनाने भरतील. झटणं हा मूळ अर्थ लिही, स्वतःतल्या वाईटाशी झगडणं लिही, लढाई हाही अर्थ आहे, तोही लिही. अर्धवट काही लिहू नकोस,' म्हणालीस.

सगळ्यांत जास्त वाचलं गेलं ते खदीजांचं पान. तेही तूच सांगितलेलं. स्वतःचा व्यापार सांभाळणारी विधवा बाई, पुढे पैगंबरांची पहिली पत्नी. ईश्वराचा पहिला संदेश आला तेव्हा ते घाबरून, थरथरत घरी आले आणि म्हणाले, मला पांघरूण घाला. खदीजांनी पांघरूण घातलं आणि त्यांना धीर दिला. चार नंबरच्या सिस्टर हे पान नव्या नर्सेसना वाचून दाखवतात आणि म्हणतात, 'नर्सिंग म्हणजे तरी दुसरं काय असतं?' मी बाजूला उभी राहून मान डोलावते. लिहिणारी मीच ना.

मग तो मंगळवार. फोन माझ्या टेबलावर आला. माझ्या चष्म्याची दांडी दर दोन महिन्यांनी फुकटात सरळ करून देणारे आपले भावोजी. त्यांच्या चष्म्याच्या दुकानाशेजारचा माणूस बोलत होता. मी रिसीव्हर तुझ्या हातात दिला. तू दोनदा 'हो' म्हणालीस, एकदा 'कधी' म्हणालीस, रिसीव्हर नीट जागेवर ठेवलास आणि अगदी हळू म्हणालीस, 'इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.' आणि मला काय वाटलं, ते लिहितानाही मान खाली जाते. मला आठवलं, पान एकोणीस. 'आपण अल्लाहचे आहोत आणि त्याच्याकडेच परत जाणार. मृत्यूची बातमी ऐकल्यावर म्हणतात.' शब्द ओळखता आले याचा मला क्षणभर आनंद झाला गं. तुझा माणूस गेला होता आणि मी मनातल्या मनात पाठ म्हणून दाखवत होते. ड्रॉवरला कुलूप लाव, एवढं सांगून तू निघालीस. मी कुलूप लावत बसले. तुझ्याबरोबर जिन्यापर्यंतही आले नाही.

पुस्तिका शुक्रवारी छपाईला जायची होती आणि शेवटचं पान रिकामं राहत होतं. मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इद्दत हा शब्द घाला, आता आपल्याकडेच प्रसंग आलाय, लोकांना कळायला हवं. मी लिहिलं, नवरा वारल्यावर विधवा चार महिने दहा दिवस इद्दत पाळते. घरी राहते, साजशृंगार करत नाही, दुसरं लग्न करत नाही. इथवर ठीक होतं. पुढचं मी पदरचं घातलं. 'या काळात तिला भेटायला जाऊ नये. तिला एकांत देणं हाच तिच्या श्रद्धेचा मान.' काय गोंडस वाक्य. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं कौतुक केलं. त्याच्यावर कोणी लाल पेन चालवलं नाही, कारण पेनवाली घरी होती. छपाई आपल्याच तळघरात, शनिवारी दोनशे प्रती सगळ्यांच्या खिशात गेल्या.

रविवारी सकाळी तुझ्याकडे यायला फाटकाशी सतरा माणसं जमली होती. हो, सतरा, मी मोजली. चार नंबरच्या सिस्टर, एक्स-रेवाले काका, लॅबमधल्या दोघी, कॅन्टीनच्या मावशी, स्कूटर कुठे लावायची यावरून तुझ्याशी रोज हुज्जत घालणारा वॉचमनसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. दोन गाड्या ठरवल्या होत्या. निघण्याआधी सिस्टरनी मला, जाणकार म्हणून, विचारलं की तिथे कसं वागायचं, काय बोलायचं. मी पान सव्वीस उघडून पुढे केलं. सगळ्यांचे आवाज एकदम खाली आले. वॉचमनने टोपी काढली. एकट्या कॅन्टीनच्या मावशी कुरकुरल्या, 'अगं, पण रडायला तरी कोणी जवळ नको का तिच्या?' मी म्हटलं, 'त्यांच्यात तसं असतं.' मग गाड्या परत पाठवल्या. सहाव्या आठवड्यात तुझा मला दोनदा फोन आला, तो मी वाजू दिला आणि नंतर मेसेज केला, की इद्दतीत व्यत्यय नको म्हणून उचलला नाही. तुझं एका शब्दाचं उत्तर आलं, 'बरं.' त्यानंतर तुझा फोन आला नाही.

अजाणतेपणी झालेली चूक, असं मी चार महिने स्वतःची समजूत घालत होते. तुला तरी तसं सांगणार नाही. गुरुवारी, म्हणजे ते वाक्य लिहायच्या आदल्या दिवशी, मी तुझ्याकडे आले होते. संध्याकाळचे पाच वाजले होते. जिन्याच्या वळणापर्यंत चढले. तुझं दार सताड उघडं होतं, बाहेर चपलांचा ढीग होता, बाया आत जात होत्या, डोळे पुसत बाहेर येत होत्या. तुझी समोरची शेजारीण, जी तुमच्यातली नाही, तीही थर्मास घेऊन आत गेली. म्हणजे भेटायला जातात, कोणीही जातं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आतून तुझा आवाज येत होता. तू एकच गोष्ट परत परत सांगत होतीस, की सकाळी ते डबा विसरून गेले आणि तू त्यांच्यावर चिडलीस. माझ्याकडे पंचवीस पानं भरून शब्द होते, आणि आत येऊन तुझ्याशी काय बोलायचं ते मला सुचेना. तुझ्या त्या दुःखाची मला भीती वाटली. मी मागे फिरले. शुक्रवारी सकाळी टेबलाशी बसून, सगळं माहीत असताना, ते वाक्य लिहिलं. मला न येण्यासाठी कारण हवं होतं, ते मी छापून घेतलं. आणि मी एकटीच आले नाही हे तुझ्या डोळ्यांवर येऊ नये, म्हणून त्या सतरांनाही फाटकावरून परत फिरवलं. एवढ्यावरही थांबले नाही. तू कामावर येणार होतीस त्या सकाळी मी साडेसातलाच आले आणि तुझ्या टेबलावरची पुस्तिका उचलून माझ्या पिशवीत टाकली.

काल चार नंबरच्या सिस्टरना सगळं सांगितलं. 'म्हणजे आम्ही निघालो होतो तेच बरोबर होतं,' एवढंच म्हणाल्या आणि औषधांची ट्रॉली ढकलत निघून गेल्या. गुरुवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगणार आहे. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तुझ्या अर्जावर अजून काही लिहिलेलं नाही. तुला जायचं असेल तर मी अडवणार नाही, पण इथे आपलं कोणी नव्हतं असं मनात घेऊन जाऊ नकोस. माणसं होती, मीच त्यांना तुझ्यापर्यंत पोचू दिलं नाही. पुढच्या रविवारी चार वाजता मी तुझ्याकडे येणार आहे. एकटी. काय बोलायचं ते ठरवून येणार नाही. बेल एकदाच वाजवेन. दार उघडलं नाहीस तर जिना उतरून परत जाईन, आणि कोणी विचारलं तर सांगेन, की तिला मला भेटायचं नव्हतं. 'त्यांच्यात तसं असतं,' असं सांगणार नाही.

तुझीच,
समोरच्या टेबलावरची