बाबांनी निवडलेला आवाज

रविवार, संध्याकाळ

आज गाडीचा नवा सायलेन्सर ठरला, आणि तो बाबांनी ठरवला. अजून खरं वाटत नाही. मी ही वेगवान गाडी घेतल्यापासून ते तिच्यात एकदाही बसले नव्हते. "आपल्या ब्रह्मा घाटच्या गल्लीत जी शिरत नाही, ती कशाला?" एवढंच म्हणाले होते.

दोन सायलेन्सरांत माझं काही ठरेना. म्हटलं, जन्मभर वेदपठण शिकवलेला माणूस घरात आहे, त्यालाच विचारावं. बाबा चक्क गॅरेजवर आले आणि डोळे मिटून उभे राहिले.

"बाबूजी, सुनिए," म्हणत मिस्त्रीने पहिला लावून इंजिन सुरू केलं.

"हा नुसता गळ्यातून ओरडतोय," बाबा म्हणाले.

मला तोच जरा जास्त आवडला होता. मग दुसरा लावला. बाबांचे डोळे मिटलेलेच. किती वेळ! हाही नापसंत की काय? उगाच बोलावलं का मी त्यांना?

"हा बेंबीपासून बोलतो. हाच घे."

घेतला. बसवून झाल्यावर स्वतःच दार उघडून ते पुढे बसले. राजघाटच्या पुलावर मी जपून चालवत होते, तर म्हणाले, "अगं, जरा दाब की. नीट ऐकू तरी येऊ दे."