गाठीचा ळ

दि. ४ ऑगस्ट

चि. मास्तरीणबाईंस,
अ. उ. आ.

मी खाली सही करणार, ज्यास अख्खी गल्ली पाटीवाले आजोबा म्हणते, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा दुकानांच्या पाट्या रंगवणे, सध्या निवृत्त परंतु हात स्थिर, शिक्षण इयत्ता चौथी, पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण, नात्याने आपला सख्खा आजोबा, पूर्ण शुद्धीवर राहून व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून देतो की, आपण माझी अक्षरे चोरली आहेत.

हकीगत येणेप्रमाणे. काल दुपारी आपल्या मातोश्रींनी मला मोबाइलवर आपल्या शाळेचा फोटो कौतुकाने दाखवला. व्हरांड्यात भला मोठा फलक आणि शेजारी आपण. फलकावर मजकूर असा की, इंटरनेटवर काळजी बाळगा, डोळे उघडे ठेवा, दुसऱ्याचे चित्र, गाणे वा अक्षर विचारल्याशिवाय घेऊ नका. मजकूर उत्तम आहे. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. परंतु त्यातील तिन्ही ळ मी पाहिले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. दोन वाटोळ्यांच्या मधोमध बारीक गाठ असलेला ळ या शहरात एकच हात काढतो. गेल्या महिन्यात मी अ पासून ज्ञ पर्यंत रंगवलेल्या फळीचा फोटो घरच्या ग्रुपवर आला होता. त्यातील अक्षरे आपण कापून घेतली आणि ‘विचारल्याशिवाय घेऊ नका’ हे वाक्य विचारल्याशिवाय घेतलेल्या अक्षरांत लावले. चोराने निदान शब्द तरी दुसरे निवडले असते.

हे पत्र तक्रारीचे असल्याने अहो-जाहो केले आहे. तक्रार मिटल्यावर अगं-तुगं पूर्ववत सुरू होईल.

जिव्हाळा चालू आहे, लोभ मात्र तूर्त स्थगित समजावा.
आपला,
आजोबा

*

दि. ८ ऑगस्ट

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येण्याआधीच आईचा फोन आला होता. ती म्हणाली, घरात दोन दिवस कोर्ट बसलंय, आरोपी परगावी आहे म्हणून सगळी उलटतपासणी माझीच चाललीय.

गुन्हा कबूल आहे. मला वाटलं, घरच्या ग्रुपवर आलेला फोटो घरचाच. शिवाय फलक दुसऱ्या दिवशी लावायचा होता आणि कॉम्प्युटरमधली तयार अक्षरं तुमच्या अक्षरांपुढे पथ्याच्या जेवणासारखी दिसत होती. विचारायचं राहून गेलं. सातवीच्या चाळीस मुलांना मी दर शुक्रवारी सांगते, की दुसऱ्याचं घेताना आधी विचारा आणि खाली त्याचं नाव लिहा. तेच माझ्या हातून झालं नाही, याची लाज वाटते.

पण आता माझीही फिर्याद ऐका. आपल्या दाराबाहेर काळ्या फळीवर पिवळ्या रंगात, लाल सावली देऊन, वायफायचा पासवर्ड रंगवलाय म्हणे. समोरच्या शिंप्याकडचं गिऱ्हाईक बटण लागेपर्यंत आपल्या पायरीवर बसून सिनेमा बघतं, असं आई सांगते. आजोबा, पासवर्ड लपवायचा असतो हो.

रागवा, पण पत्र पाठवत राहा.
तुमची,
आरोपी

*

दि. १२ ऑगस्ट

चि. मास्तरीणबाईंस,
अ. उ. आ.

ग्रुपवर टाकले म्हणजे सगळ्यांचे झाले, हा युक्तिवाद फेटाळण्यात येत आहे. मी माझा सदरा अंगणात दोरीवर वाळत घालतो. म्हणून तो घालून कोणी कचेरीत जात नाही.

पासवर्डाविषयी खुलासा. आपणच फोनवर सांगितले होते की, तो किमान आठ अक्षरी हवा, त्यात एक मोठे अक्षर, एक आकडा व एक चिन्ह हवे. मी तीन दिवस खपून असा पासवर्ड बसवला की, डावी-उजवी बाजू तराजूसारखी तोलली गेली. तो लपवायचा आहे हे सांगायचे आपण विसरलात. तरीही परवाच ती फळी पुसून ‘पासवर्ड आत विचारावा’ असे रंगवले आहे. तेव्हापासून आपल्या मातोश्री दुपारभर दार उघडत आहेत आणि माझ्याशी एका शब्दात बोलत आहेत.

आता अट सांगतो. साठ वर्षांत मी हजारांवर पाट्या रंगवल्या. दुकानाचे नाव हातभर, मालाचे नाव वीतभर, आणि मी कोपऱ्यात करंगळीएवढे नाव घालू लागलो की, मालक म्हणत, तिथे दुकानाची वेळ घाला, जागा वाया जाते. माझे नाव आजवर एकाही पाटीवर नाही. आपल्या फलकाखाली ‘अक्षरे : पाटीवाले आजोबा, त्यांच्या परवानगीने’ एवढी ओळ यावी. ती मी स्वतः येऊन रंगवीन आणि मुलांसमोर साक्ष देईन. येत्या शुक्रवारी वर्ग किती वाजता भरतो ते कळवावे.

हाताचे काम आहे, म्हणून एवढा हट्ट. तेवढा मानून घ्यावा.
तुझा (चुकून लिहिले गेले, खोडत नाही),
आजोबा

*

दि. २४ ऑगस्ट

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

शुक्रवारी तुमच्या साक्षीने वर्ग हलवून सोडला. मी आठ आठवडे जे सांगत होते ते तुम्ही खडूने फळ्यावर एक साधा आणि एक गाठीचा ळ काढून पाच मिनिटांत पटवलंत. आता मुलं मलाच धरतात. काल मी फळ्यावर फूल काढलं, तर मागच्या बाकावरून विचारणा झाली, की बाई, हे कुणाचं आणि विचारलं का.

पण तुम्ही असे का निघून गेलात? दुसऱ्या बाकावरच्या मुलीने साधंच विचारलं होतं, ळ मधली ही गाठ तुम्हाला कशी सुचली. तुम्ही म्हणालात, मनगटातूनच आली. आणि लगेच म्हणालात, बस चुकेल. बसला पावणेदोन तास होते. चहा तसाच, ब्रश इथेच, आणि फलकाखालची जागा कोरीच आहे. मुख्याध्यापिका विचारतात, आजोबा रुसले का. मी म्हटलं, रुसले असते तर लेखी कळवलं असतं.

काय झालं ते लिहा. जीव टांगणीला लागलाय.
तुमची,
मास्तरीण

*

दि. २७ ऑगस्ट

चि. नातीस,
अ. उ. आ.

लेखी कळवतो. वर्गात मी दिलेली साक्ष खोटी होती.

मी एकोणीस वर्षांचा असताना बसथांब्यासमोरच्या औषधांच्या दुकानावर डावखुरे पेंटरांनी पाटी रंगवली. तीत गाठीचा ळ होता. असा ळ मी पाहिला नव्हता. आठवडाभर रोज सकाळी तिथे उभा राहून मी तो बोटाने मांडीवर गिरवला, आणि नंतर माझा म्हणून गावभर रंगवला. डावखुऱ्यांना विचारले नाही. ते माझ्याहून मोठे, नावाजलेले. पुढे ते रस्त्यात दिसले की तोंड फिरवीत. त्यांना गर्व आहे असे मी सर्वांना सांगत आलो.

त्या पोरीने सरळ प्रश्न विचारला आणि मी तिच्या डोळ्यांत बघून खोटे बोललो. चोर म्हणून तुला चार पाने लिहिणारा मी. सबब, फलकावर माझे नाव घालू नये. ब्रश शाळेला ठेवावा.

माया कमी करू नये, आदर केला तरी चालेल.
तुझा,
आजोबा

*

दि. ३० ऑगस्ट

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

थोडक्यात लिहिते. आई म्हणते, डावखुरे अजून आहेत, सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर लेकीकडे राहतात. मग जा आणि विचारा. मी वर्गात हेच शिकवते, चूक कळली की पुसून पळायचं नाही, ज्याचं घेतलं त्याला गाठायचं. फलकाखालची जागा मी कुणाला देणार नाही.

त्या मुलीला मी काही सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं.

वाट बघतेय, प्रेमाने आणि हट्टाने.
तुमची,
नात

*

दि. ४ सप्टेंबर

चि. नातीस,
अ. उ. आ.

काल मी इस्त्रीचा सदरा घालून डावखुऱ्यांकडे गेलो. वय शहाऐंशी, दृष्टी चांगली, कानांनी ऐकू येत नाही. त्यामुळे मी ळ चोरला हे मला तीनदा ओरडून सांगावे लागले. तिसऱ्या वेळी खालचा सायकलवाला पाना हातात घेऊन वर आला.

डावखुरे इतके हसले की, लेकीने पाणी आणले. मग म्हणाले, अरे बाबा, ती गाठ नव्हेच. शिडीचा पाय सरकला, ब्रश मध्येच टेकला आणि रंगाचा ठिपका पडला. मालकाला उद्घाटनाची घाई, पुसायला वेळ दिला नाही. ती पाटी दिसू नये म्हणून ते दोन वर्षे लांबच्या रस्त्याने घरी जात. पुढे तोच ठिपका गावातल्या पाटीपाटीवर दिसू लागला. त्यांना वाटले, मी त्यांची टर उडवतो आहे. म्हणून साठ वर्षे तोंड फिरवीत होते.

मी परवानगी मागितली. ते म्हणाले, खुशाल घे, पण ती घाण माझ्या नावावर लावलीस तर याद राख. मी म्हणालो, तुमचे नाव नाही तर माझेही नाही. दोन तास हुज्जत झाली. शेवटी त्यांच्या लेकीने मजकूर केला तो असा :

‘अक्षरे : पाटीवाले आजोबा. ळ : चूक डावखुऱ्यांची, सवय पाटीवाल्यांची. दोघांच्या परवानगीने.’

येत्या शुक्रवारी आम्ही दोघे येतो. आधी त्या मुलीला खरे सांगेन, मग काम. ओळ डावखुरे रंगवतील. शिडी मी धरणार आहे. त्या दिवशी ती धरायला कोणी नव्हते.

अगं-तुगं कायम झाले आहे, तसाच तुझा लोभही कायम व्हावा.
तुझा,
आजोबा

हे पत्र वाचून दाखवले तेव्हा समक्ष हजर :
१. डावखुरे पेंटर (सही डाव्या हाताने, ‘घाण’ हा शब्द आपलाच असल्याचे मान्य)
२. त्यांची कन्या
३. सायकलवाला, पान्यासह
४. तुझी आई (सही केली, परंतु शिडीवर म्हाताऱ्यांपैकी कोणीही चढणार नाही, अशी हरकत नोंदवून)