अक्षूची जट

शुक्रवार, २० सप्टेंबर

आज सकाळी अक्षताला पाटावर बसवलं आणि केस सोडले. तापात तीन आठवडे फणी लागली नव्हती. हात लावला की रडायची, मीही राहू दे म्हणायचो. दाट, कुरळे केस, माझ्या आईचेच. एरवी दीपिका, माझी बायको, विंचरते. ती सावंतवाडीला गेलीय, वडिलांना लकवा झालाय म्हणून.

वरवरचे सुटले. मानेपाशी फणी अडकली ती अडकलीच. चाचपलं — काथ्याचा गोळा असावा तसं, मुठीएवढं. ओढलं तर पोर कळवळली.

आई ओट्यापाशी होती. जवळ आली, बघितलं, आणि फणीच काढून घेतली.

"हात लावू नको तिका. जट ती. देवीन धाडल्यान."

तिने कुंकवाची डबी आणली.

मंगळवार, २४ सप्टेंबर

हिला फोन केला. वाटलं, ओरडेल. पण म्हणाली — "आई म्हणतात तर राहू दे हो. उगाच काही कमी-जास्त झालं तर?"

तरी विचारलं, कशी सोडवायची. सांगितलं तिने. केस ओले करायचे, खोबरेल चोळायचं, टोकापासून वर यायचं, मूळ मुठीत धरायचं म्हणजे ओढ बसत नाही. आणि शेवटी — "पण तुम्ही नका करू."

सोमवार, ३० सप्टेंबर

शाळेत बोलावलं. मेघनाबाई चांगल्या आहेत, आवाज न चढवता बोलल्या. उवा झाल्यात, शेजारी कोणी बसत नाही, केस नीट करून पाठवा. मी म्हटलं, घरचा प्रश्न आहे. त्या म्हणाल्या, "घरचा नाही हो, तिचा आहे."

येताना अक्षताने विचारलं, "पप्पा, मी देवी आहे का?"

"नाही गं."

"मग आजी खोटं बोलते?"

मी तिचं दप्तर खांद्यावर घेतलं आणि परळचा पूल चढू लागलो.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

घट बसले. शेजारच्या राधाबाईंनी अक्षताची ओटी भरली. आठ वर्षांच्या पोरीची! चाळीतला दगडू गॅलरीतून म्हणाला, "काय जयवंतराव, देवी घरात आली. आता कशाला लिफ्ट चालवता, दानपेटी ठेवा दाराशी." सगळे हसले. मीही हसलो. का हसलो कळत नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर

आई भजनाला गेली तेव्हा वाटीभर खोबरेल कोमट केलं. मोरीत पोरीला बसवून केस ओले केले, हिने सांगितलं तसं टोकापासून सुरू केलं. एकेक बट. सुईच्या टोकाने. तासाभरात करंगळीएवढी बट सुटली. सुटली आणि आपली आपण गोल वळली, पहिल्यासारखी. इतकं बरं वाटलं.

तर अक्षताने माझा हात धरला. "पप्पा, पुरे. ही गेली तर आजी मरणार."

"कोण म्हणालं?"

"आजीच."

तेल पुसलं. आई आली तेव्हा दोघंही चोरी केल्यासारखे बसलो होतो.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

देवीपुढे दिवा लावताना रोज एकच मागतो. जट तुझी असेल तर सांग, नसेल तरी सांग. काही सांगत नाही.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

आज अष्टमी. मच्छीमार नगरातून एक बाई आली, कोणीतरी पत्ता दिलेला. कडेवर वर्षाचं मूल, डोळे वर गेलेले, मान टिकत नव्हती. तिने ते अक्षताच्या पायांवर घातलं. "बाय, माझा पोर बरा होईल ना? तू सांग."

अक्षताने आजीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओठ हलत होते. शेवटी म्हणाली, "होईल." बाई रडत तिच्या पाया पडली आणि गेली.

त्यानंतर पोर जेवली नाही. "पप्पा, नाही झाला बरा तर ती परत येईल?"

आई म्हणते, दसरा झाला की गावी नेऊ, देवीच्या पायाशी ठेवू, शिकून कोणाचं भलं झालंय. मी गावच्या शाळेत होतो तेव्हा देवळाबाहेर एक जटवाली बसायची. येणारे-जाणारे पाया पडायचे. तिच्याशी कोणी बोललेलं मला आठवत नाही. तिचं नावसुद्धा आठवत नाही. आज दिवसभर तेच आठवायचा प्रयत्न केला.

शनिवार, १२ ऑक्टोबर

सोनं वाटून झाल्यावर आईला सांगितलं, उद्या कापणार. ओरडली नाही. पिशवी भरली, माहीमला माझ्या थोरल्या भावाकडे, सीतारामदादाकडे निघाली. पाया पडायला वाकलो, तर पाय मागे घेतले.

रविवार, १३ ऑक्टोबर

कापली.

आधी गाऱ्हाणं घातलं, देवीला साकडं. गावात हे काम मानकऱ्यांचं, मी आयुष्यात कधी तोंड उघडलं नव्हतं. देवीच्या तसबिरीपुढे उभा राहून म्हटलं — "बाय माझे, तुझ्या लेकराच्या केसाक हात लावतंय. काय चुकला-माकला तर ता माझ्या डोक्यार घाल. चेडवाक राख. माझ्या आवशीक राख." मग थांबलो. इथे सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. अक्षताच हळूच म्हणाली.

मान उघडी पडली. कातडी लाल, ओलसर. धुतली, उरलेले केस बोटांनीच सोडवले. कानापर्यंत कुरळे राहिले.

ती आरशात बघेना. म्हणाली, आजीला फोन लावा. आजीचा आवाज ऐकला की ठेवून देते. थोड्या वेळाने पुन्हा लावायला सांगते. संध्याकाळी लावला तेव्हा आईने मला बोलूच दिलं नाही.

"जिती आसंय. सांग तिका."