मामाची चांदीची वाटी

बुऱ्हाणपूर, शनिवार, संध्याकाळ

आजोळच्या लोकांनो, आपलं दुखणं एकच. बाळाच्या उष्टावणाला वाटी चांदीचीच हवी, आणि ती आपणच न्यायची. (इथं डायरीतही सभेत बोलल्यासारखं लिहायला लागले. असो.)

उद्या माझ्या लेकीच्या, मुक्ताच्या बाळाचं उष्टावण. पहिला घास मामा भरवणार, म्हणजे आमचे चिरंजीव हेमंत. त्यांनी मोबाइलवर पाहून देव्हाऱ्यातल्या पितळी वाटीवर घरीच, विजेशिवाय, चांदी चढवली. कसली तरी पावडर, मीठ आणि ओलं फडकं. वाटी चमकली. बोटं मात्र काळी पडली, साबणानंही निघेनात.

"बोटांचं काय हे?"

"दो-चार दिन में निकल जाएगा, आई. तू वाटी बघ ना. चांदीचीच आहे, ऊपर से."

"बाळ काय वरवरचं जेवणार आहे?"

"मग सासरचे काय घासून बघणार आहेत?"

म्हणजे धाक सासरच्यांचा. बाळाचा विचारच नाही. एवढंसं पोर, हाती येईल ते चघळतं. ज्यानं मामाची बोटं काळी केली ते त्याच्या जिभेला लावायचं, का, तर व्याह्यांसमोर आमचं नाक वर राहावं म्हणून. असलं नाक कापलेलं बरं. आणि हा शिकलेला मुलगा ती काळी बोटं खिशात घालून उद्या मिरवणार.

आता मुक्ताला फोन करते. मुक्ते, मामाची वाटी बाजूला ठेव आणि बाळाला तुझ्या रोजच्या स्टीलच्या वाटीतून खीर भरव, सासूबाईंच्या देखत.