दारातूनच येणारा कावळा

टीचर, तुमच्या कावळ्याला काल नवा डोळा बसवला. जुना डोळा, म्हणजे तुम्ही कुणाच्या तरी कोटाचं काढून लावलेलं ते बटण, तालमीत निखळलं आणि पेटीवाल्याच्या पायाखाली जाऊन फुटलं. नवं बटण आणायला मी बोरीवली स्टेशनजवळच्या मॅचिंगच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "आंटी, एकच बटण? शर्टाचं की कुर्त्याचं?" मी म्हटलं, "कावळ्याचं." त्याने बटणांचा डबाच माझ्यापुढे सरकवला. बटण थोडं मोठं झालंय. एका डोळ्याने कावळा आता जरा जास्तच रोखून बघतो. पण त्याला ते शोभतं.

सगळं नीट सांगायला हवं. ती चिमणी-कावळ्याची गोष्ट, तुम्ही शाळेत आमच्याकडून करून घेतलेली, ती आम्ही पुन्हा करतोय. दिवाळीच्या सुट्टीत, तिकीट लावून, पेटी-तबल्यासकट, बाहुल्यांचं संगीत नाटक म्हणून. निवृत्त झाल्यावर माझ्या ऑफिसातल्या बायका हास्यक्लबात गेल्या. मला कारणाशिवाय हसता येत नाही, चिडायला मात्र कारणं पुष्कळ मिळतात, म्हणून मी या बाहुलीवाल्यांत आले. गोष्ट तीच. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं, कावळा चिमणीचं दार ठोठावतो आणि ती बाई आतून एकेक निमित्त काढत त्याला बाहेर भिजत ठेवते. प्रत्येक मराठी मूल भाताच्या घासाबरोबर ही गोष्ट गिळतं आणि कुणालाही त्या चिमणीचा राग येत नाही. मला आला होता. वर्गात उभी राहून मी म्हटलं होतं, "टीचर, ही चिमणी दुष्ट आहे." मुली खिदळल्या. तुम्ही हसला नाहीत. "बरं," म्हणालात, "मग कावळा तू हो."

माझ्या आवाजाचं तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं, मला अजून कळलेलं नाही. कॉन्व्हेंटमध्ये मराठीला जेवणानंतरचा झोपेचा तास आणि कोठीशेजारची खोली, तिथे तुम्ही एकट्या. मी शाळेच्या कॉयरमध्ये मागच्या रांगेत. गाणं शिकवणाऱ्या सिस्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की तुझा आवाज सगळ्यांच्या आवाजाला ओरखडा काढतो, तेव्हा तू फक्त ओठ हलव. मी ओठ हलवत होते. ते मला इतकं छान जमायला लागलं होतं, की पालकांच्या दिवशी माझी आई म्हणाली, तुझाच आवाज सगळ्यात गोड येत होता.

मे महिन्यात तुम्ही आम्हा चौघी-पाचजणींना घरी बोलावलंत, गावठाणात. आज ते आठवताना आधी वास येतो. तुमच्याकडे वर्षाचा मसाला करायचा चालू आहे. अंगणात चटयांवर लाल मिरच्या, स्वयंपाकघरात भाजण्याचा खकाणा, ओट्यावर धुऊन उपड्या घातलेल्या रिकाम्या बाटल्या, ज्यांत तो मसाला ठासून भरायचा. आणि त्या सगळ्याच्या मधे आम्ही, वर्तमानपत्राच्या लगद्यात मेथीचं पीठ कालवून बाहुल्यांची डोकी करतोय. डोकी वाळवायला जागा नव्हती, म्हणून तुम्ही ती चटईवर मिरच्यांच्या कडेला मांडलीत. तुमची आई बाहेर येऊन ओरडली, "कुणाची गं ही मुंडकी माझ्या मिरच्यांत?" तुम्ही आतून म्हणालात, "माझी! राहू दे, त्यांनाही जरा चव येईल." माझ्या कावळ्याचं अंग तुम्ही काळ्या कापडाचं शिवलंत. सिस्टर लोकांची डोक्यावरची काळी वस्त्रं जुनी झाली की वर्गातले फळे पुसायला मिळत. त्यातलंच एक तुम्ही घरी आणलं होतं. त्याला खडूचा वास होता आणि तुम्ही ते नीट इस्त्री केलं होतंत.

त्याच स्वयंपाकघरात तुम्ही मला रागावलात. मी कावळा हातात चढवून दार ठोठावत होते आणि होता-नव्हता तेवढा गोडवा आवाजात आणून गात होते. चिमणीबाई, चिमणीबाई, असं काहीतरी. तुम्ही हातातला कुटण्याचा दांडा खाली ठेवलात. "हे काय चाललंय? भीक मागतेयस? त्याचं घर वाहून गेलंय. आवाज नाही वाहून गेला. दार वाजव आणि तिला उघडायला लाव." मी म्हटलं, "माझा आवाज वाईट आहे, टीचर. सिस्टरने सांगितलंय." तुम्ही म्हणालात, "मग सिस्टरला चिमणी करू. तू कावळ्याचं बघ." बाकीच्या मुली इतक्या हसल्या की एकीच्या हातून लगद्याचं घमेलं उलटलं. मला मात्र रडू येत होतं, पण तिथल्या धुरात कोण कशाने रडतंय ते कुणाला कळणार होतं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. शाळा उघडल्यावर नव्या मुलींच्या स्वागताला आपला खेळ ठेवला होता, इंग्रजी प्रार्थना आणि इंग्रजी नाचाच्या मधे, नाचणाऱ्या मुली कपडे बदलेपर्यंतचा वेळ. दोन बाकांना चादर बांधलेली, मी खाली बसलेय, हात वर. आणि कावळ्याच्या मानेच्या पोकळीत, ओला लगदा वाळताना चिकटून बसलेलं सगळं तिखट घामाने सुटायला लागलं. आधी बोटं चुरचुरली. मग पंजा पेटला. दुसऱ्या हाताने तो चोळला आणि त्याच हाताने नाक पुसलं, ती आणखी एक चूक. "दार उघड" म्हणताना माझ्या आवाजातून जे काही निघालं ते गाणं नव्हतं, पण ते सभागृहाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत पोचलं. आणि मग कावळा शिंकला. पुन्हा शिंकला. भिजलेला कावळा दारात उभा राहून शिंकतोय! त्या इंग्रजीत हसणाऱ्या मुली मराठीत लोळायला लागल्या. सिस्टरही हसल्या, आणि हसता हसता त्यांची नजर कावळ्याच्या अंगावर गेली. नंतर त्यांनी तुम्हाला विचारलं, ते काळं कापड कुठलं? तुम्ही म्हणालात, "सिस्टर, देवाच्या सेवेतून निवृत्त झालेलं आहे. त्याला दुसरी नोकरी दिली."

मग नळाजवळ नेऊन तुम्ही माझा लाल झालेला हात धुतलात, शिपाईमावशींकडून खोबरेल तेल मागून आणलंत आणि एकेक बोट चोळलंत. तुम्हाला वाईट वाटलं होतं, दिसत होतं. पण तुम्ही माफी वगैरे मागितली नाहीत. एवढंच म्हणालात, "आज गायलीस तू." शाळेच्या शेवटच्या दिवशी कागदी पिशवीत घालून कावळा दिलात. "घे. सिस्टरने मागितला तर म्हणायचं, उडाला."

त्या आवाजावर मी सगळी नोकरी काढली, टीचर. साहेब म्हणायचे, मॅडम, हळू बोला. मी म्हणायचे, हळू बोलले तेव्हा तुम्ही ऐकलं का? आमच्या सोसायटीच्या सभेत मी उठले की सेक्रेटरी आधी पाणी पितो. आणि एवढं करून, या वयात, गेल्या महिन्यात मला पुन्हा तेच ऐकावं लागलं. आमची दिग्दर्शिका माझ्याच मजल्यावरची, माझ्या भाचीएवढी. गुणी पोरगी आहे, गाण्यांच्या चाली तिच्याच. दारात उभी राहून म्हणाली, "काकू, रागावू नका ना. म्युझिकल म्हटलं की लोकांना सूर हवा असतो यार. कावळ्याचं गाणं आपण रेकॉर्ड करून घेऊ. एक मस्त सिंगर मिळालीय. तुम्ही फक्त हात चालवा. हात झकास चालतो तुमचा."

"फक्त हात?"

"बघा, मारलात टोमणा."

"टोमणा नाही गं. शाळेत मला फक्त ओठ हलवायला सांगितले होते. आता फक्त हात. म्हातारपणी बढती मिळाली म्हणायची."

ती गेली आणि मी कपाटातून कावळा काढून मांडीवर घेऊन बसले. राग तर होताच, पण त्याच्याखाली शाळेतली एक घाबरलेली मुलगी होती, तिच्यावरच मी जास्त चिडले होते. वाटलं, पोरीचं खरं असेल. वाटलं, एका शाळेतल्या एका हशावर आपण उगाच एवढा जन्म उभा केला. शेवटी दिग्दर्शिकेला फोन करून सांगितलं, रविवारी बालवाडीची मुलं बघायला येणार आहेत, त्यांच्यासमोर तुझं रेकॉर्ड लाव. चाललं तर मी तोंड उघडणार नाही. खरंच उघडणार नव्हते.

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजीवर मुलं. लॅपटॉपमधून कावळा गातोय. सुंदर गातोय, त्यात खोटं काही नाही. मी पडद्यामागे हात हलवतेय. आणि मुलं बोलायला लागली. मुलं बाहुलीशी बोलतातच, ती बोलली नाहीत तरच खेळ पडला म्हणायचं. "अरे, जोरात वाजव!" गाणं चालूच. "ए कावळ्या, ती झोपलीय!" गाणं चालूच. एक चिमुरडी तर उभी राहून जीव तोडून ओरडायला लागली, "खिडकीतून जा! कावळ्या, खिडकी उघडी आहे!" खरंच होती, आमच्या सेटवाल्याने उगाच नक्षीची खिडकी केलीय. ती ओरडतेय, ओरडतेय, आणि कावळा तिच्याकडे न बघता आपला गोड गातोय. बाहेर भिजणारा कावळाच आतल्या चिमणीसारखा बहिरा झाला होता.

माझा हात थांबला. मग आपसूक वळला, आणि कावळ्याने त्या पोरीकडे रोखून पाहिलं. "खिडकीतून?" मी म्हटलं. तोच आवाज, ओरखड्याचा. "खिडकीतून का जाऊ? मी काय चोर आहे? दारातून येईन! वाजवा रे सगळ्यांनी!" सगळी सतरंजी जमिनीवर हात आपटायला लागली. गाण्याचं काय झालं ते ऐकूच आलं नाही. थोड्या वेळाने कळलं, दिग्दर्शिकेने लॅपटॉप बंद केला होता. मी कावळ्याला एक शिंक दिली, जुनीच, आणि हॉल हशाने फुटला.

मुलं गेल्यावर ती पडद्यामागे आली. "काकू, वाट लावलीत माझ्या गाण्याची." मग तिथेच खाली बसली. "ठीक आहे. कावळा लाइव्ह. शिंकेसकट." पेटीवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "पण काकूंची पट्टी कुठली? माझ्या पेटीत नाहीये ती. या दोन सुरांच्या मधे कुठेतरी उभ्या असतात." मी म्हटलं, "मग तू तिथे ये." तो येतो, टीचर. रोज शोधत शोधत येतो. अजून पुरता पोचलेला नाही.

गावठाणात तुमच्या घराच्या जागी आता गाड्या लावायच्या मजल्यासकट टॉवर आहे. पुढच्या गल्लीत मसाला मात्र अजून मिळतो, माझी वर्षाची बाटली मी तिथूनच आणते. तुम्ही होतात तेव्हा कधी हे सांगायला आले नाही, कारण आभार मानताना माझा आवाज चिमणीसारखा होतो आणि तुम्ही पुन्हा दांडा खाली ठेवला असतात. आता लिहिलंय, पण टाकणार कुठे? राहील इथेच.

एक गोष्ट मात्र कुणालाच माहीत नाही. रविवारी मी चिडून बोलले असं सगळ्यांना वाटलं. मी चिडले नव्हते. त्या मुलांच्या हातांचा दणका जमिनीतून माझ्या गुडघ्यांपर्यंत येत होता आणि मला इतका आनंद होत होता, की मी घाबरले. प्रयोगाच्या दिवशी राग आलाच नाही आणि आवाज चिमणीसारखा निघाला तर? म्हणून काल डोळा शिवून झाल्यावर कावळ्याच्या मानेत, आतल्या बाजूने, बाटलीतला चिमूटभर मसाला चोळून ठेवलाय.