कोपऱ्याचा खांब

हिलो, ९ फेब्रुवारी, रविवार

लाडक्या लेहुआ,

चर्चच्या मिस्साहून आले, कॉफी घेतली आणि लिहायला बसले. गुडघे कुरकुरताहेत, पण मी रागात आहे, म्हणजे ठणठणीत आहे.

तू फोनवर म्हणालीस, "ताई, लास व्हेगासला कंटाळले. आपल्या जुन्या किनाऱ्यावर नवी वसाहत होतेय, चौदा तारखेला, शुक्रवारी, प्लॉटवर सही करतेय." मी परवा गुरुवारी तो प्लॉट बघायला गेले.

दलाल मला म्हणाला, "मावशी, लाव्हा येऊन गेला. आता इथे काही होत नाही."

"मी तुझी मावशी नाही. आणि लाव्हा म्हणजे पेलेदेवी. ती एकदा येऊन गेली, म्हणजे तिला रस्ता माहीत झाला."

तो हसला. मी नाही.

आपलं घर नेमकं कुठे होतं ते कळत नाही. सगळा काळा दगड. पण वारा तोच होता, आणि मला आपलं अंगण दिसलं. आठवतं, भूकंपानंतर ते हातभर खचलं होतं? पौर्णिमेच्या भरतीला समुद्र कपड्यांच्या दोरीखाली यायचा. तू पायरीवर बसून पाण्यात पाय सोडून भात खायचीस, आणि बोईट माशांची पिल्लं तुझ्या अंगठ्याला टोचायची. बाबा दरवर्षी घराच्या खांबांखाली दगड भरायचे. "समुद्र चढत नाही गं, आपणच खाली बसतोय," म्हणायचे. आपण खिदळायचो. शाळेत सिस्टर बेनेडिक्टांच्या नकाशात मात्र आपलं बेट गुलाबी आणि जागच्या जागी होतं.

लाव्हा आपल्या गल्लीकडे वळला त्या दिवशी मी घर झाडलं, पुसलं, टेबलावर फुलं ठेवली आणि दार उघडं टाकून निघाले. तू फोनवर म्हणालीस, "कॉन्व्हेंटात शिकलीस आणि पेलेसाठी जमीन पुसतेस?" मी म्हटलं, "पाहुणी कोणीही असो, घाणेरड्या घरात घ्यायची नाही."

असो. दलाल तुझ्या प्लॉटचा समुद्राकडचा कोपरा दाखवायला निघाला. मागच्या महिन्यात त्याने तिथे स्वतः खांब रोवला होता. खांब नव्हता. "भरतीने नेला असेल," म्हणाला. मी जवळ जाऊन पाहिलं. खांबाखालची जमीनच तुटून समुद्रात गेली होती. अलीकडे एक नवी भेग होती, तिच्यात माझी छत्री मुठीपर्यंत गेली. त्याला म्हटलं, "जरा पलीकडे उभा राहतोस?" राहिला नाही. लेहुआ, दलालाच्या नकाशात त्या भेगेपलीकडे तुझं स्वयंपाकघर आहे.

हिलोही काही स्वर्ग नाही. पण माझं घर चढावर आहे आणि अजून तरी सरळ उभं आहे.

आणखी एक. मागच्या खोलीतलं शिवणाचं मशीन मी बाहेर काढलं. तिथून समुद्र दिसत नाही, शेजाऱ्यांचं फणसाचं झाड दिसतं आणि त्यांचं भांडण ऐकू येतं. तुला आवडेल असं नाही. काल ती खोली झाडून पुसून घेतली. फुलं ठेवली आहेत.

तू किनाऱ्यासाठी येत होतीस, हे मला कळतं. मी मात्र इतकी वर्षं तुला "ये" असं एकदाही म्हटलं नाही. शुक्रवारी सही करू नकोस. विमानात बस.

दार उघडं ठेवून बसलेली,
तुझी मेनाताई